फत्तेपूर आणि कुंकळ्ळी

आंतरधर्मीय संवादाचा विषय निघाला म्हणजे आपल्या व्याख्यानांतून अकबराच्या इबादतखान्याचा दाखला हटकून दिला जातो. १५७५ साली फत्तेपूर सिक्री येथे उभारलेल्या या वास्तूत प्रथम मुसलमान विद्वानांच्या आणि पुढे हिंदू, जैन, पारशी व ख्रिस्ती पंडितांच्याही चर्चा होत. गोव्याहून रुडॉल्फ आक्वाव्हिवा, आंतोनी मोन्सेरात व फ्रान्सिस्को हेन्रिकेस हे तीन येशूसंघीय धर्मगुरू फेब्रुवारी १५८० मध्ये तेथे पोहोचले. दाखला योग्यच आहे. मात्र तो अर्धाच सांगितला जातो.

बादशहाने त्यांनी भेट दिलेले पवित्र शास्त्राचे खंड मस्तकी लावले, त्यांना प्रार्थनामंदिरासाठी जागा दिली, शहजादा मुराद याचे शिक्षण मोन्सेरात यांच्याकडे सोपविले. आक्वाव्हिवा फारसी शिकले. त्यांची भाषा नेहमीच सौम्य होती असे मात्र नव्हे. पैगंबरांविषयी त्यांनी कठोर शब्द वापरले. आपापला ग्रंथ हाती घेऊन अग्नीत प्रवेश करावा, अशी सूचना पुढे आली तेव्हा देवाची परीक्षा पाहणे अनुचित म्हणून त्यांनी ती नाकारली. बादशहा ख्रिस्ती झाला नाही. तरीही हे धर्मगुरू तीन वर्षांच्या आसपास तेथे राहिले, बोलले आणि त्यांचे ऐकून घेतले गेले.

१५८३ साली आक्वाव्हिवा गोव्यास परतले व साष्टी प्रांतातील मिशनचे प्रमुख झाले. त्याच वर्षी जुलैत कुंकळ्ळी येथे चर्चसाठी जागा पाहण्यास गेले असता ते व त्यांचे चार येशूसंघीय सहकारी ग्रामस्थांकडून मारले गेले. त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्तीजनही बळी पडले. १८९३ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी या पाच जणांना धन्य घोषित केले.

हौतात्म्याची ही कथा आपण मुलांना शिकवितो. परंतु तत्पूर्वी साष्टीतील देवळे पाडली गेली होती आणि या पाचांपैकी काहींचा त्या विध्वंसात प्रत्यक्ष हात होता, हे आपण सांगतो काय? त्यानंतर गावकरी प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार मारण्यात आले, हे तरी? असोळणा, वेळ्ळी व आंबेली ही गावे पुढे येशूसंघाच्याच ताब्यात आली. हुतात्म्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांस आदरच आहे. पण तो राखण्यासाठी यांतील एकही गोष्ट झाकावी लागते, असे आम्हांस वाटत नाही.

माणूस तोच, श्रद्धा तीच, वर्षही जवळजवळ तेच. मग भेद कशात? आमच्या मते, फत्तेपुरात आक्वाव्हिवा पाहुणे होते. त्यांच्या शब्दामागे सैन्य नव्हते. ऐकणारा उठून जाण्यास मोकळा होता आणि बोलणारा यजमानाच्या सौजन्यावर अवलंबून होता. कुंकळ्ळीत तेच धर्मगुरू राचोलच्या किल्लेदाराच्या छायेत आले. तेथे नकार देणे म्हणजे राज्यसत्तेशी वैर. अशा ठिकाणी प्रश्नोत्तरे होऊ शकतात, संवाद होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांविषयी जे आदराचे धोरण स्वीकारले, ते समजावून सांगताना धर्मशिक्षकांनी हा भेद अवश्य मांडावा.

कुंकळ्ळीची शांतादुर्गा सोळाव्या शतकात फातर्प्यास हलविली गेली. आजही शिमग्याच्या दिवसांत बारा वांगडांच्या बारा छत्र्या घेऊन तिची मिरवणूक कुंकळ्ळीस येते, गुलाल उधळला जातो, आणि त्या गर्दीत गावचे ख्रिस्ती ग्रामस्थही असतात.