अक्षरांचा साचा

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलात, की घाट चढून मांजरसुंबा येते. हे नाव जरा पाटीवर लिहून पाहा. अक्षरे पाच: म, ज, र, स, ब. त्यांवरच्या खुणाही पाचच: दोन काने, दोन अनुस्वार, एक उकार. खुणा पुसा, उरते ‘मजरसब’. हे गाव कोणाला सापडेल काय?

संगणकाकडून नेमकी हीच चूक होऊ शकते. मजकुरातून शब्द शोधण्यासाठी त्याला एक साचा द्यावा लागतो. ‘इथे अक्षर हवे, तिथे आकडा हवा’, असे तो साचा सांगतो. त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. अमेरिकेतील गणिती स्टीफन क्लीनी यांनी १९५६ साली त्याचे गणित प्रसिद्ध केले. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये ते शोधाच्या कामाला जुंपले.

पण तो साचा पडला इंग्रजीच्या घरी. ‘ए ते झेड’ म्हटले की तिथली अक्षरे संपली! आपला ‘म’ त्यात बसावा कसा? १९९१ मध्ये युनिकोडने निरनिराळ्या लिप्यांतील अक्षरांना क्रमांक दिले. देवनागरी त्यात पहिल्यापासून आहे. मोडीला २०१४ साल उजाडावे लागले. आता ‘कोणत्याही लिपीतले अक्षर’ असा साचा करता येतो. तरी एक मेख राहतेच. युनिकोडच्या हिशेबी काना, वेलांटी ही अक्षरे नव्हेत, खुणा आहेत. साच्यात ‘अक्षर आणि त्याच्या खुणा’ असे सांगितले नाही, तर मांजरसुंबा ‘म’पाशीच तुटते.

तुम्ही म्हणाल, याचे आम्हांला काय? सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. जुनी दप्तरे उर्दूत, मोडीत. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा या लिप्या वाचणाऱ्यांची गरज पडली. आजोबांच्या एका नोंदीवर नातवाचा दाखला अवलंबून! अशी नोंद वाचून देवनागरीत उतरवली, की संगणक ती क्षणात काढून देईल. मात्र मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एक जण ‘पाटिल’ उतरवील, दुसरा ‘पाटील’. साच्यात ‘पहिली किंवा दुसरी वेलांटी’ असे सांगावे लागते. नाहीतर नोंद दप्तरात असूनही हाती लागत नाही.

तेव्हा गुरुजी, बाराखडी घोटून घ्याच. ज्या मुलाला काना-मात्रा नीट कळली, तोच उद्या हा साचा नीट पाडील.