काचेतली नदी : वेण्णा, येरळा आणि देशी माशांची मत्स्यपेटी

१/ विटा असो, सांगली असो वा पुणे. घरातल्या मत्स्यपेटीत दिसणारे बहुतेक मासे फार दूरचे असतात. गोल्डफिश चीनचा, गप्पी आणि एंजलफिश दक्षिण अमेरिकेचे. गावाजवळून वाहणाऱ्या येरळेतला मासा त्या काचेमागे क्वचितच दिसतो. असे का झाले? आणि देशी मासा घरी पाळणे नदीच्या हिताचे की अहिताचे? हा धागा या दोन प्रश्नांचा.

२/ दख्खनला आपल्या माशांची ओळख नव्हती, असे मुळीच नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व कातडीचे, मोठे व लहान अशी माशांची वर्गवारी तेथे आढळते. कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे, याचेही विवेचन आहे. हेतू गळाने मासेमारी करण्याचा. पण त्यामागे निरीक्षण आहे.

३/ पुढचा महत्त्वाचा टप्पा १९ व्या शतकातला. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी विल्यम हेन्री साईक्स याने दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा केले. १८३९ च्या सुमारास लंडनमध्ये त्यांची वर्णने प्रसिद्ध झाली. नावे देताना त्याने स्थानिक बोलीतले शब्द उचलले. म्हणूनच ‘खुद्री’, ‘कोलस’, ‘मुल्या’ असे आपल्याकडचे उच्चार आजही माशांच्या शास्त्रीय नावांत टिकून आहेत. खुद्री म्हणजे दख्खनचा महासीर. त्याचा नमुना पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळाला होता.

४/ याच सुमारास लंडनमध्ये घरगुती मत्स्यपेटीचे शास्त्र आकार घेत होते. रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या व आपले निष्कर्ष १८५० मध्ये मांडले. वनस्पती प्राणवायू देते, माशांच्या मलावर वनस्पती पोसते आणि कुजणारी पाने गोगलगाय खाते. पाणी रोज न बदलता मासे जगतात, हे त्याने दाखवले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि इंग्लंडमध्ये या छंदाची लाट आली.

५/ महाराष्ट्रात सर्वसामान्य माणसाला काचेपलीकडचा मासा दाखवला तो मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. मरीन ड्राइव्हवरची ही वास्तू १९५१ मध्ये खुली झाली. त्याच वर्षी ज्येष्ठ मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी ‘मत्स्यविनोद’ प्रकरणावर शोधनिबंध लिहिला. एकीकडे नवे मत्स्यालय, दुसरीकडे आठशे वर्षांपूर्वीच्या मत्स्यज्ञानाचा पुनर्शोध. योगायोग लक्षणीय आहे.

६/ दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, ई. जी. सायलस यांनी महाबळेश्वर परिसरातल्या वेण्णा नदीतून एका लहानशा माशाचे वर्णन केले. सह्याद्रीवरून त्याला ‘सह्याद्रिएन्सिस’ हे नाव मिळाले. इंग्रजीत त्याला ‘खवली बार्ब’ म्हणतात. म्हणजे ‘खवली’ हा आपलाच शब्द इंग्रजी नावात जाऊन बसला. मत्स्यपेटीच्या व्यापारात मात्र तो ‘महाराजा बार्ब’ झाला. २०२० मध्ये संशोधकांनी त्याच्यासाठी ‘वायखोमिया’ ही नवी प्रजाती स्थापली. सातारा जिल्ह्यातल्या घरांना अनोळखी असलेला हा मासा परदेशी छंदिष्टांना मात्र व्यापारी नावाने ठाऊक होता!

७/ परदेशात याच्या उलट उदाहरण आहे. सनफिश हे उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचे, तेजस्वी रंगांचे मासे. आपल्याच ओढ्या-तळ्यांतले असे मासे घरी पाळणाऱ्या व अभ्यासणाऱ्या अमेरिकनांनी १९७२ मध्ये देशी माशांसाठी स्वतंत्र संघटना उभारली. ज्याला नदीतल्या माशाची सवय, आहार आणि वीण ठाऊक असते, त्याला नदीतला बिघाडही लवकर कळतो, हे या छंदाचे खरे मोल.

८/ पण याच सनफिशच्या कुळात धोक्याचा धडाही आहे. १९६० मध्ये जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो अमेरिकेला गेले असता शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल जातीचे सनफिश भेट दिले. अन्नमासा म्हणून उपयोग होईल, या आशेने जपानमध्ये त्यांची पैदास झाली. पुढे ते मोकळ्या पाण्यात पसरले आणि बिवा सरोवरातल्या स्थानिक माशांवर संकट ओढवले. अकिहितो स्वतः मत्स्यशास्त्राचे अभ्यासक. २००७ मध्ये, सम्राट असताना, त्यांनी याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली.

९/ भारतातही हेच घडले. डासांच्या अळ्या खाण्यासाठी १९२८ मध्ये गंबुसिया आणला गेला. १९५२ मध्ये आफ्रिकेतला तिलापिया आला. तोच आपल्या बाजारातला ‘चिलापी’. दोन्ही वेळी हेतू चांगला होता. मात्र नदीत सोडलेला मासा परत वेचून काढता येत नाही.

१०/ उलट दिशेचा धोकाही तितकाच खरा. सह्याद्रीच्या दक्षिण भागातला डेनिसन बार्ब जगभरच्या मत्स्यपेट्यांत लोकप्रिय झाला आणि नदीतून त्याची बेसुमार पकड होऊ लागली. २००८ मध्ये केरळ शासनाला या पकडीवर निर्बंध आणावे लागले. ‘देशी’ म्हटले की छंद आपोआप निर्दोष ठरत नाही.

११/ आता विट्याकडे. येरळा ही खानापूर तालुक्याची दुष्काळी नदी. ब्रह्मनाळला ती कृष्णेला मिळते. १९८० च्या दशकात बलवडी व तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने नदीच्या वाळूचा प्रश्न हाती घेतला. ठेकेदारांच्या बेबंद उपशाला त्यांनी विरोध केला आणि मर्यादित वाळू विकून ‘बळीराजा स्मृती धरण’ उभारण्यासाठी निधी जमवला. वाळू पाणी धरून ठेवते, हा त्यांचा मुद्दा होता. तळाशी राहणाऱ्या लहान माशांसाठी तर वाळू हेच घर, अन्न आणि आसरा. म्हणून त्या लढ्याचा इतिहास हा, कोणी तसा लिहिला नसला तरी, माशांचाही इतिहास आहे.

१२/ आणखी एक दुवा. वेण्णा माहुलीला कृष्णेत मिसळते. पुढे कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून खानापूर तालुक्याच्या माळरानावर आणले जाते. खवलीच्या नदीचे पाणी अशा रीतीने विट्याच्या शिवारापर्यंत पोहोचते. तो मासा वेण्णेत टिकतो की नाही, हा प्रश्न विटेकरांनाही परका नाही.

१३/ इतिहासातून निघणारे नियम साधे आहेत. दुर्मीळ मासा नदीतून आणू नये. सर्वत्र आढळणारे मोजकेच मासे, कायद्याच्या मर्यादेत पाळावेत आणि त्यांच्या नोंदी ठेवाव्यात. पेटीतला कोणताही मासा, देशी वा परदेशी, नदीत वा विहिरीत सोडू नये. त्याच्याबरोबर रोगही जातात. आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना माशांची नावे विचारून लिहून ठेवावीत. साईक्सने दोनशे वर्षांपूर्वी तेच केले, म्हणून ती नावे आज आपल्याला वाचता येतात.