कानेश येथील अश्शूरी व्यापारी

परमुलखांत पेढी घालून राहावें, तेथील राजाचे कर भरावे, तेथील लोकांची भाषा बोलावी, मिळकतीचा पैसा घरीं पाठवावा आणि स्वतः मात्र वर्षानुवर्षें घराला पारखें व्हावें, हा जीवनक्रम आगबोटी व तारायंत्रें ह्यांच्या युगांत प्रथम निर्माण झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाहीं. सुमारें चार हजार वर्षांपूर्वीं हें सर्व सुरळीत चालू होतें. आणि तें कसें चालू होतें ह्याचा तपशील त्या व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या दप्तरांतून आज उपलब्ध आहे. राजेरजवाड्यांचे शिलालेख पुष्कळ मिळतात. परंतु साध्या व्यापारी गृहस्थांचा इतका जुना आणि इतका विपुल पत्रव्यवहार जगांत अन्यत्र क्वचितच आढळेल.

तुर्कस्तानांतील कायसेरी शहराच्या ईशान्येस सुमारें २० किलोमीटरांवर कुलतेपे, म्हणजे राखेची टेकडी, ह्या नांवाचें एक मोठें टेकाड आहे. इ. स. १८८१ पासून ह्या भागांतील बाणाग्र लिपींतील मातीच्या लहान लहान विटा जुन्या वस्तूंच्या बाजारांत दिसूं लागल्या. त्या कोठून येतात हें शोधून काढण्यासाठीं संशोधकांनीं टेकाड खणून पाहिलें; परंतु विटा हातीं लागेनात. पुढें १९२५ सालीं बेड्रिख ह्रोझनी हा झेक पंडित तेथें आला. हित्ती भाषेचें कोडें दहा वर्षांपूर्वीं ह्यानेंच उलगडलें होतें. त्यालाही टेकाडावर कांहीं मिळेना. अखेर गांवकरी विटा काढतात ती जागा टेकाडावर नसून पायथ्याच्या शेतांत आहे, असा त्याला सुगावा लागला. आणि तेथें खणतांच हजारभर विटा निघाल्या. १९४८ पासून तहसिन ओझगुच ह्या तुर्की संशोधकानें तेथें पद्धतशीर उत्खनन आरंभिलें. आजपर्यंत मिळालेल्या विटांची संख्या २२ हजारांहून अधिक आहे. टेकाडावर राजवाडा होता; पायथ्याशीं व्यापाऱ्यांची पेठ होती. त्या नगराचें प्राचीन नांव कानेश.

ह्या पेठेंतील दप्तर ज्यांचें होतें, ते लोक मूळचे कानेशचे नव्हत. ते अश्शूर नगराचे नागरिक होते. अश्शूर हें तैग्रिस नदीच्या कांठीं, आजच्या इराकांत. पुढील काळीं ज्यांच्या सैन्यांनीं पश्चिम आशिया थरारून सोडला, तें अश्शूरी साम्राज्य अद्यापि जन्मास यावयाचें होतें. त्या वेळीं अश्शूर हें केवळ एक व्यापारी नगर होतें. राजा स्वतःस अश्शूर देवाचा कारभारी म्हणवून घेई, आणि महत्त्वाचे निर्णय नागरिकांच्या सभेंत होत. ह्या नगराजवळ ना तांब्याची खाण, ना कथलाची. परंतु जागा मोक्याची होती. पूर्वेकडून कथील येई. दक्षिणेकडून, म्हणजे बाबिलोनच्या मुलखांतून, तलम लोकरी कापड येई. पश्चिमेस अनातोलियांत तांबें विपुल होतें. परंतु तांब्याचें कांसें करावयाचें तर कथील हवें, आणि तें तेथें पुरेसें मिळत नसे. ही गरज ओळखून अश्शूरच्या लोकांनीं आपला व्यापार उभारला.

वाहन म्हणजे गाढव. एका गाढवावर सुमारें ७५ किलोग्रॅम कथील व कापड लादीत. वाट सुमारें १,००० किलोमीटरांची, मध्यें डोंगर व नद्या. प्रवासास सहा आठवडे लागत. हिवाळ्यांत घाट बंद पडले म्हणजे तीन-चार महिने सारा व्यवहार थांबे. अश्शूरांत एक शेकेल, म्हणजे सुमारें ८ ग्रॅम, चांदीला चौदा-पंधरा शेकेल कथील मिळे. कानेशांत त्याच चांदीला सात शेकेलांच्या आसपास कथील विकलें जाई. कापडावर नफा ह्याहूनही अधिक सुटे. माल विकल्यावर बहुतेक गाढवेंही तेथेंच विकून टाकीत. कारण परत न्यावयाचें तें फक्त चांदी आणि सोनें, आणि त्यास थोडीं जनावरें पुरत.

एवढ्या व्यापारास भांडवल कोठून येई? त्याचें उत्तर एका करारपत्रांत सांपडतें. अमुर-इश्तार नांवाच्या व्यापाऱ्याकडे चौदा जणांनीं मिळून ३० मिना, म्हणजे सुमारें १५ किलोग्रॅम, सोनें १२ वर्षांच्या मुदतीनें सोंपविलें. नफ्याचा एक तृतीयांश त्याचा, उरलेला भागीदारांचा. मुदतीपूर्वीं जो आपली रक्कम मागेल, त्यास सोन्याच्या चौपट चांदी मिळावयाची, परंतु नफा मिळावयाचा नाहीं. ह्या भांडवलास ते 'थैली' ह्या अर्थाचा शब्द वापरीत. बारा वर्षांच्या मुदतीचें सोनें डोळ्यांआड हजार किलोमीटरांवर पाठविणाऱ्या लोकांचा कागदावर जितका भरंवसा होता, त्याहून अधिक तो माणसावर व त्याच्या घराण्यावर होता. म्हणूनच बाप अश्शूरांत, मुलगा कानेशांत, पुतण्या तिसऱ्या गांवीं, अशी वांटणी करून घराण्यें व्यापार चालवीत.

अश्शूरी लोकांनीं कानेश जिंकलें नव्हतें. तेथें स्थानिक राजा राज्य करी, आणि व्यापारी त्याच्या परवानगीनें राहत. ह्या संबंधांचे शपथपूर्वक केलेले करारही मिळाले आहेत. अश्शूरी माणसाचें रक्त सांडल्यास खुनी हवालीं करावा, लुटलेल्या मालाची भरपाई करावी, व्यापाऱ्याचें चांगलें घर, दास किंवा बाग दिसली म्हणून राजानें ती बळकावूं नये, अशीं त्यांतील कलमें आहेत. उलटपक्षीं, काफिला आला म्हणजे माल प्रथम राजवाड्यांत जाई. कापडावर शेंकडा ५ कर घेतला जाई, आणि आणखी शेंकडा १० कापड राजवाडा आपल्या पसंतीनें विकत घेऊं शके. हा कर चुकविण्याचा मोह व्यापाऱ्यांस होई, आणि आडवाटेनें माल नेण्यास त्यांच्या भाषेंत खास शब्दही होता. एका पत्रांत असा मजकूर आहे कीं, चोरटा माल पकडला गेला, पुशुकेन ह्या बड्या व्यापाऱ्यास राजवाड्यानें कैदेंत टाकलें, पहारा कडक आहे, आणि राणीनें शेजारच्या नगरांसही ह्या चोरट्या व्यापाराबद्दल सावध केलें आहे. तरी तुम्हीं हा उद्योग करूं नये. परक्या मुलखांत धनाढ्य असणें निराळें आणि निर्भय असणें निराळें, हें त्या पत्रावरून ध्यानांत येतें.

कानेशांतील अश्शूरी लोकांची पंचायत होती, तिचें स्वतंत्र कचेरीघर होतें. आपसांतील तंटे तेथें तोडीत. न तुटले तर प्रकरण अश्शूरच्या सभेपुढें जाई. कर्जावर व्याज किती घ्यावें हेंही पंचायतच ठरवी. अश्शूरी माणसांत तो दर सालीना शेंकडा ३० असे. अनातोलियाभर अशा वीसएक पेठा होत्या, लहान ठाणीं निराळीं. त्या सर्वांवर कानेशची देखरेख होती. लिपि सोपी करून घेतली होती. दीडशें-दोनशें चिन्हांत काम भागे. त्यामुळें पुष्कळ व्यापारी कारकुनावांचून स्वतःच पत्रें लिहीत. पत्रावर मातीचेंच पाकीट चढवून त्यावर मुद्रा उमटवीत.

विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, उत्खननांत निघालेलीं ह्या व्यापाऱ्यांचीं घरें अगदीं स्थानिक धर्तीचीं आहेत. भिंती तशाच, चुली तशाच, मडकीं तींच. विटा व मुद्रा मिळाल्या नसत्या, तर येथें परदेशी लोक राहत होते अशी शंकाही कोणास आली नसती. खाणेंपिणें, घर, शेजार ह्या बाबतींत हीं माणसें कानेशची झालीं होतीं. परंतु कायदा, देव आणि हिशेब ह्या तीन गोष्टी त्यांनीं अश्शूरच्याच ठेवल्या.

आणि अश्शूरांत त्यांचीं घरें होतीं, त्या घरांत त्यांच्या बायका होत्या. ह्या स्त्रिया नुसत्या वाट पाहत बसल्या नव्हत्या. जें कापड कानेशांत विकलें जाई, त्यांतील बरेंचसें त्या स्वतः, मुली व दासी ह्यांच्या साह्यानें विणीत. आणि त्याचा मोबदला हा त्यांचा स्वतःचा पैसा समजला जाई. वक्कुर्तुम नांवाच्या स्त्रीस आलेल्या एका पत्रांत कापड कसें हवें ह्याच्या बारीक सूचना आहेत: वाणास लोकर अधिक घाला, पोत तलम ठेवा, लांबी नऊ हात व रुंदी आठ हात भरूं द्या. बाजाराची आवड दूरवरून मागावर येऊन पोंचत होती.

पुशुकेनची पत्नी लमस्सी हिचीं पत्रें ह्या दप्तरांत प्रसिद्ध आहेत. कापड पाठविलें, त्याची चांदी पुरती आली नाहीं, अशी तिची तक्रार असे. घरांत मुलें आहेत, माणसें आहेत. सर्वांस कपडे करून उरेल तेवढेंच पाठवितां येतें, हें ती नवऱ्यास बजावते. मुलगी मोठी झाली आहे, तिला अश्शूर देवाच्या सेवेस अर्पण करावयाची आहे, तेव्हां तुम्हीं यावें, असें ती पुन्हां पुन्हां कळविते. तरम-कुबी ही दुसऱ्या एका व्यापाऱ्याची, इन्नायाची, पत्नी. नवऱ्यानें तिच्यावर उधळेपणाचा ठपका ठेवला असावा. तिचें उत्तर तिखट आहे. तुम्हीं जातांना घर धुऊन नेलें, एक शेकेलही मागें ठेवला नाहीं. गांवांत दुष्काळ पडला आहे, घरांत दाणा नाहीं, मग उधळावयाचें कशाचें, असा तिचा प्रश्न आहे. इम्दी-इलुम ह्या व्यापाऱ्याच्या आप्तांतील दोघी स्त्रिया तर स्पष्टच लिहितात कीं, त्यांनीं दैवज्ञांस कौल लावला, आणि देवाचें म्हणणें असें पडलें कीं इम्दी-इलुमला पैसा प्रिय झाला आहे, स्वतःचें आयुष्य नाहीं.

दुसरीकडे, कानेशांत राहणारा पुरुष तेथेंही संसार मांडी. ह्याला बंदी नव्हती. मात्र नियम होते. लकीपुम ह्या अश्शूरी व्यापाऱ्यानें हताला नांवाच्या स्थानिक मुलीशीं लग्न केलें, त्याचा करार मिळाला आहे. ह्या मुलखांत त्यानें दुसरी बायको करूं नये. अश्शूरांत मात्र देवाच्या सेवेंतील स्त्रीशीं विवाह करण्यास मोकळीक आहे. नवऱ्यानें काडी मोडली तर त्यानें ५ मिना चांदी द्यावी. बायकोनें मोडली तर तिनेंही तितकीच द्यावी. चार हजार वर्षांपूर्वींच्या करारांत हा समान दंड पाहून कोणासही नवल वाटेल. परंतु करारांत सर्व कांहीं मावत नसतें. एक स्त्री नवऱ्याची हजार किलोमीटरांवर वाट पाहत होती. दुसरी, तो कधीं तरी आपल्या गांवीं परत जाईल, ही खूणगांठ बांधूनच नांदत होती. दोघींच्या कष्टांवर आणि सोशिकपणावर व्यापाराची उलाढाल चालली होती.

इ. स. पूर्वीं १८३५ च्या सुमारास कानेशची ही पेठ आगीच्या भक्ष्यस्थानीं पडली. कांहीं काळानें ती पुन्हां वसली, व्यापार पुन्हां चालला, परंतु पहिला बहर राहिला नाहीं. त्या आगीनें व्यापाऱ्यांचा नाश केला, आणि इतिहासाचा लाभ केला. कारण कोसळलेल्या घरांखालीं दप्तरें जशींच्या तशीं दडपून राहिलीं. ह्या विटांत हित्ती भाषेंतील कांहीं शब्द व नांवें आलीं आहेत. संस्कृत, ग्रीक, लॅटिन ज्या भाषाकुळांतील, त्याच कुळाच्या शब्दांचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा होय. हित्ती लोक पुढें आपल्या भाषेस नेसाची भाषा म्हणत. आणि नेसा म्हणजेच कानेश. परदेशी व्यापाऱ्यांच्या जमाखर्चामुळें यजमानांच्या भाषेचा आरंभ जगास कळला, हें त्या वसाहतीचें अनपेक्षित देणें होय.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हीं पत्रें मिळालीं तीं कानेशांत, म्हणजे पत्रें ज्यांस आलीं त्यांच्या घरांत. अश्शूरांतील त्या काळच्या व्यापाऱ्यांचीं घरगुती दप्तरें मात्र सांपडलेलीं नाहींत. त्यामुळें बायकांची तक्रार आज आपणांस ऐकूं येते. नवऱ्यांनीं त्यांस काय उत्तर दिलें, तें बहुतांशीं हरवलें आहे. कदाचित् पुष्कळांपाशीं उत्तर नसेलही. परंतु ज्या दप्तरांत हुंड्यांप्रमाणें मोलाचीं कर्जपत्रें जपून ठेवलेलीं होतीं, त्याच दप्तरांत लमस्सीचीं पत्रेंही होतीं. पैशाचा हिशेब चुकता झाला म्हणजे कर्जपत्र मोडून टाकण्याची त्यांची चाल होती. घरून आलेलीं हीं पत्रें मात्र मोडलेलीं नाहींत. जो कोणी पोटासाठीं वा नफ्यासाठीं देशांतर करतो, त्याच्या खात्यावर हें ऋण चार हजार वर्षांपूर्वींही होतें. आणि तें फेडण्यास कोणत्याही पेढीची चांदी पुरी पडत नाहीं.