तळटीप : ‘एकाच घरातला ताप’

१२. ‘धाकट्याला नुसती सर्दी, थोरल्याला ऑक्सिजन’ : खडेबाजारातील एका घराची ही कोरोनाकाळातली हकिकत. लेखक याला नशीब म्हणतात. पण वय आणि मधुमेहाइतकाच इथे जनुकांचाही विचार करायला हवा. तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा निअँडरथल मानवाकडून आपल्यात आला आहे. तो असलेल्यांना कोरोना गंभीर होण्याचा धोका अधिक, असे ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो यांनी २०२० मध्ये दाखवले. दक्षिण आशियात सुमारे ५० टक्के लोकांत तो आढळतो, युरोपात सुमारे १६ टक्के. बाराव्या गुणसूत्रावरचा निअँडरथल तुकडा मात्र काहीसे संरक्षण देतो. सख्ख्या भावांतही अशी वाटणी सारखी नसते. जनुके धोका कमीजास्त करतात, निकाल लावत नाहीत. म्हणून आजाऱ्याला कुणी बोल लावू नये. – संपादक