इशारा-संदेश, नेटवर्क उपकरणांचे

राउटर, स्विच, ओएलटी (फायबर जाळ्याचे केंद्राकडचे उपकरण) यांसारखी उपकरणे आपल्यातला बिघाड वा बदल देखरेख केंद्राला आपणहून कळवतात, तो मजकूर. कळवण्याची रीत बरीचशी प्रमाणित आहे. नेमके काय बिघडले हे सांगणारा भाग मात्र ज्या त्या कंपनीचा.

ट्रॅप : १९९०च्या एसएनएमपी या उपकरण-देखरेखीच्या प्रमाणात (आरएफसी ११५७) अशा सूचनांचे ० ते ६ असे प्रकार ठरवले गेले. उपकरण सुरू झाले, लिंक तुटली, लिंक जुळली या सामान्य घटना ५ पर्यंत संपतात. ६ म्हणजे ‘पुढचे कंपनीला विचारा’, आणि कामाची बहुतेक माहिती तिथेच असते. अशा संदेशात १.३.६.१.४.१ या आकड्यांपुढे कंपनीचा नोंदणी क्रमांक येतो : सिस्को ९, हुआवे २०११, जुनिपर २६३६, झेडटीई ३९०२. त्यापुढचा उलगडा कंपनीच्या एमआयबी (आकड्यांचे अर्थ सांगणाऱ्या) फायलीतून होतो. फाईल नसेल तर पडद्यावर नुसती आकड्यांची माळ.

सिसलॉग : उपकरणाने पाठवलेली घटनांची नोंद. ती शब्दांत असल्याने सोपी वाटते. सिस्कोच्या संदेशात विभाग, ० ते ७ मधली तीव्रता (० सर्वांत गंभीर) आणि घटनेचे नाव असते. ‘लिंक-३-अपडाऊन’ हा पोर्ट बंद पडल्यावर येतो आणि पुन्हा सुरू झाल्यावरही. आकडा दोन्ही वेळा ३च. नुसत्या आकड्यावर गजर लावला तर दुरुस्ती झाल्याचीही बोंब उठते. पोर्ट कोणी मुद्दाम बंद केला असेल तर ‘लिंक-५-चेंज्ड’ येतो.

फायबरवरचे इशारे, उदाहरणार्थ तुमसर : भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. २०११मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याच्या (नंतरचे भारतनेट) पहिल्या टप्प्याच्या आराखड्यात अशा तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी आणि ग्रामपंचायतीत ओएनटी (फायबरचे ग्राहकाकडचे उपकरण) अशी मांडणी होती. गावातले नेट गेले की तालुक्यात पहिला प्रश्न असतो : वीज गेली की फायबर तुटली? ओएनटीची वीज गेली तर कपॅसिटरमधल्या उरल्यासुरल्या विजेवर ते ‘डाइंग गॅस्प’ हा अखेरचा संदेश धाडते. तो आला तर ग्रामपंचायतीला एक फोन पुरतो. त्याऐवजी ‘एलओएसआय’ आला, म्हणजे त्या एका ओएनटीकडून येणारा प्रकाशच थांबला, तर ओटीडीआर (फायबर कुठे तुटली ते शोधणारे यंत्र) आणि फायबर जोडणारे स्प्लायसिंग मशीन गाडीत टाकून निघावे लागते. ओएलटीच्या एका पोर्टवरची सगळी ओएनटी एकदम गेली असतील तर संशय मुख्य केबलवर. हे संदेश आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या (आयटीयू) जी.९८४ मालिकेत ठरलेले आहेत, तरी हुआवेच्या पडद्यावर ‘एलओएसआय/एलओबीआय’ असे जोडनाव दिसते आणि झेडटीईच्या पडद्यावर नुसते ‘एलओएस’. डाइंग गॅस्प आला नाही म्हणजे वीज होतीच, असे मात्र धरता येत नाही. कपॅसिटर निकामी झालेले उपकरण निरोप न देताच बंद पडते. बी+ वर्गाच्या ओएनटीला उणे २७ डीबीएमपर्यंतचा क्षीण प्रकाश चालतो. मापन त्या बाजूला घसरू लागले की वाकलेली केबल किंवा मळलेला कनेक्टर आधीच शोधता येतो. अनुभवी तंत्रज्ञ गजरापेक्षा या आकड्यावर जास्त भरवसा ठेवतात.

तीव्रतेचे वर्ग : आयटीयूच्या एक्स.७३३ शिफारशीत (१९९२) क्रिटिकल, मेजर, मायनर, वॉर्निंग इत्यादी. एखादा इशारा कोणत्या वर्गात बसवायचा हे कंपनीने ठरवावे की जाळे चालवणाऱ्याने, याबाबत एकवाक्यता नाही.

सुरक्षाविषयक इशारे : पाहा ‘फायरवॉल’.