कॉलेज कोणते, त्याआधी राहणार कुठे? कोल्हापूरच्या बोर्डिंगांचा इतिहास

१/१० बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा असते: प्रवेश कुठे घ्यावा? कट-ऑफ, फी, कॉलेजचे नाव यांचा हिशेब मांडला जातो. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोल्हापुरात या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न होता: मुलगा राहील कुठे आणि जेवेल काय? आजचा थ्रेड त्या प्रश्नाविषयी.

२/१० कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० मध्ये सुरू झाले. आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी एक गोपाळ कृष्ण गोखले. वडील वारल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाला पाठवीत. पदवीसाठी गोखल्यांना कोल्हापूर सोडावे लागले. १८८४ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून बी. ए. झाले.

३/१० त्या काळी गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला निदान एक आधार असे: वार लावून जेवणे किंवा माधुकरी मागणे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. खेड्यातून आलेल्या कुणब्याच्या, धनगराच्या किंवा महाराच्या मुलाला शहरात असे दार नव्हते. कॉलेजचा दरवाजा उघडा असूनही त्याला परत फिरावे लागे.

४/१० १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतल्यावर शाहू महाराजांनी हे ओळखले. १८९६ मध्ये त्यांनी सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढले. नियमाने ते सर्वांना खुले होते, तरी काही वर्षांत तेथे जवळजवळ ब्राह्मण विद्यार्थीच उरले. हा अनुभव महाराजांना बरेच शिकवून गेला.

५/१० मग त्यांनी वेगळी वाट धरली. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. लिंगायत, शिंपी, दैवज्ञ अशा अनेक समाजांची वसतिगृहे पुढे उभी राहिली आणि कोल्हापूर 'वसतिगृहांची जननी' म्हणून ओळखले जाऊ लागले.

६/१० शिकून पुढे काय, हाही प्रश्न होताच. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानातील नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. पोराला शाळेत धाडण्यात अर्थ आहे, हे खेड्यातल्या बापाला आता दिसू लागले.

७/१० पण जातवार बोर्डिंगला मर्यादाही होती. जैन बोर्डिंगात राहणारा एक विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला. परतल्यावर त्याला आंघोळ करून आत येण्यास सांगितले गेले. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील.

८/१० भाऊराव मॅट्रिकही झाले नाहीत. मात्र १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उभारले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. १९४७ मध्ये साताऱ्याचे शिवाजी कॉलेज सुरू झाले. तेथे 'कमवा आणि शिका' या तत्त्वाने विद्यार्थी श्रम करून आपला खर्च भागवीत.

९/१० कराडचे यशवंतराव चव्हाण राजाराम कॉलेजातून १९३८ मध्ये बी. ए. झाले. तेव्हा पदवी मुंबई विद्यापीठाची होती आणि कायद्यासाठी त्यांना पुण्याला जावे लागले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ सुरू झाले आणि दक्षिण महाराष्ट्राला आपले विद्यापीठ मिळाले.

१०/१० यंदा माझ्या मावसबहिणीसाठी कॉलेजांची यादी करत होतो. गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने नावे लिहिली. तिने ती वाचली आणि विचारले, "दादा, प्रॅक्टिकल संपल्यावर राधानगरीची एसटी मिळेल का? नाही तर हॉस्टेल आहे का?" इतिहासाचा विद्यार्थी असून हा प्रश्न मला आधी सुचला नव्हता. आम्ही यादी पुन्हा केली: राहण्याची सोय, मेस, शिष्यवृत्ती, जाण्यायेण्याचा वेळ आणि मग कट-ऑफ. पहिले नाव घसरून चौथ्या क्रमांकावर गेले. तुमच्या घरी कुणी प्रवेशाच्या उंबरठ्यावर असेल, तर यादी याच क्रमाने करून पाहा. १८९६ च्या त्या वसतिगृहाचे दारही सर्वांना खुलेच होते.