अशनिपात व सामूहिक विलोपन : खडकांतील पुरावे

लघुग्रहासारखी मोठी वस्तू पृथ्वीवर आदळल्याने थोड्या काळात असंख्य जीवजाती नष्ट झाल्या, हे दाखवणारे खडकांमधील भौतिक व रासायनिक पुरावे. पाच मोठ्या विलोपनांपैकी असा भक्कम पुरावा एकाच बाबतीत मिळाला आहे : सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशियस काळाच्या अखेरीस झालेल्या विलोपनाचा. त्यात सुमारे तीन-चतुर्थांश जाती संपल्या आणि पक्ष्यांची शाखा सोडून सारे डायनोसॉर नाहीसे झाले. महाराष्ट्रात हा विषय पायाखालचा आहे, कारण दख्खनचा लाव्हा वाहत होता तो याच सुमारास.

मुख्य रासायनिक साक्षीदार म्हणजे इरिडियम. हा धातू लोहाच्या संगतीत राहणारा. पृथ्वी वितळलेली होती तेव्हा तो लोहाबरोबर गाभ्यात उतरला आणि कवचात नावापुरताच उरला. अशनींमध्ये मात्र तो भरपूर असतो. इटलीतील गुब्बिओजवळ चुनखडकात मातीचा जेमतेम बोटभर थर आहे. त्याच्या खाली क्रिटेशियसचे सूक्ष्मजीव विपुल, वर जवळजवळ नाहीसे. वॉल्टर अल्वारेझ, त्यांचे वडील व नोबेल मानकरी भौतिकज्ञ लुइस अल्वारेझ, फ्रँक ॲसारो आणि हेलन मिशेल यांनी त्या थरातले इरिडियम न्यूट्रॉनांच्या माऱ्याने मोजले. ते नेहमीच्या सुमारे ३० पट निघाले. डेन्मार्कच्या स्टेव्हन्स क्लिंटला १६० पट, न्यूझीलंडमध्ये २० पट. इतक्या दूरच्या ठिकाणी एकाच पातळीवर हे सापडल्याने १९८० मध्ये त्यांनी सुमारे १० किमी. व्यासाच्या लघुग्रहाचा निष्कर्ष मांडला. पुढे क्रोमियमच्या समस्थानिकांनी त्याला दुजोरा दिला : ते प्रमाण पृथ्वीच्या खडकांचे नव्हे, कार्बनयुक्त अशनींचे आहे.

दुसरा पुरावा आघाताचा. आघाताच्या प्रचंड दाबाखाली क्वॉर्ट्झच्या कणांत समांतर रेषांचे जाळे उमटते. ज्वालामुखीच्या स्फोटाने असे जाळे तयार होत नाही. मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाखाली गाडलेले, सुमारे १८० किमी. रुंदीचे चिक्शुलूब विवर १९९१ मध्ये या घटनेशी जोडले गेले. त्याच्या जवळच्या थरांत काचेचे गोलक जाड साचले आहेत, दूर जावे तसे ते विरळ होतात. आघाताच्या बाजूने याहून बोलका पुरावा नाही.

हाच तपास बेसाल्टमध्ये करायचा तर अडचण येते, आणि ती लोणारला सुटली. बुलढाणा जिल्ह्यातील हे सुमारे १.८ किमी. रुंदीचे विवर बराच काळ ज्वालामुखीचे मुख मानले जाई. बेसाल्टमध्ये क्वॉर्ट्झ जवळजवळ नसते, म्हणजे ओळखीची खूणच नाही. १९७३ मध्ये कर्ट फ्रेड्रिक्सन व सहकाऱ्यांनी विवराच्या खडकात फेल्स्पार वितळल्याविना, निव्वळ दाबाने काच बनल्याचे दाखवले. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात. कणाचा आकार तसाच, आतली स्फटिकरचना मात्र मोडलेली. परिसरातल्या बारीक गोलकांत निकेल, कोबाल्ट, क्रोमियमही आजूबाजूच्या बेसाल्टपेक्षा जास्त आहेत. आरगॉन पद्धतीने विवराचे वय सुमारे ५.७ लाख वर्षे येते. लोणारच्या आघाताने कोणतेही सामूहिक विलोपन घडवले नाही. त्याचे मोल शिकवण्यात आहे. कॅनडातील मॅनिकुआगान विवर तर सुमारे १०० किमी. रुंदीचे, तरीही त्याच्या काळाशी एकही मोठे विलोपन जुळत नाही. नुसत्या आकाराने भागत नाही. आघात कोणत्या खडकावर झाला हेही पाहावे लागते. चिक्शुलूबला गंधकयुक्त जिप्समचे थर होते, त्यांच्या वाफेने आकाश झाकोळले.

दख्खनच्या लाव्हाचाही या विलोपनात हात होता का, हा वाद अजून जिवंत आहे. २०१९ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांपैकी एकाने आघाताच्या काही दहा हजार वर्षे आधी उद्रेकाचा मोठा टप्पा सुरू झाल्याचे सांगितले, तर दुसऱ्याने बहुतांश लाव्हा आघातानंतर वाहिल्याचे. आघातानेच लाव्हाला जोर आला, असेही एक मत आहे. प्रस्तुत लेखकाला सध्या उपलब्ध पुराव्यांवरून आघात हे मुख्य कारण आणि लाव्हा हे आधीपासूनचे आजारपण वाटते. कच्छमधील अंजार येथे लाव्हाच्या दोन प्रवाहांमधल्या गाळात इरिडियमचे थर मिळाले. ते क्रिटेशियसच्या अखेरच्या सीमेचेच का, यावर एकमत नाही. मुंबईच्या पश्चिमेस समुद्राखाली ‘शिवा’ नावाचे महाविवर असल्याचे शंकर चॅटर्जी यांचे मत मान्य झालेले नाही.

कोकणात इरिडियमचा असा थर शोधायचा तर निराशाच हाती येते. देवगड तालुक्यात कुणकेश्वराच्या मंदिरापासून आत चढले की जांभ्याचा सडा लागतो. पावसाने सिलिका धुऊन नेली, लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली, तेव्हा हा जांभा झाला. बोटभर मातीचा पुरावा टिकायला शांत तळाचे पाणी लागते, आणि इतक्या झिजलेल्या खडकात तो शिल्लक राहील अशी आशा धरता येत नाही. मेघालयातील उम सोहरिंगक्यू नदीकाठचे सागरी थर त्यासाठी योग्य, आणि तिथे इरिडियम वाढलेले सापडलेही आहे.

सह्याद्रीच्या घाटरस्त्यात दोन काळ्या प्रवाहांमध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा दिसला, तर तो अशनीचा थर समजू नये. ती दोन उद्रेकांच्या मधल्या उसंतीची माती. पण अशाच पट्ट्यांतल्या झिरकॉनच्या कणांवरून २०१९ च्या एका अभ्यासाने दख्खनच्या उद्रेकांचे वय ठरवले.